अंजनीची पुसलेली फांदी

बाई, माझ्या परसातल्या अंजनीला यंदा पहिल्यांदा फुलं आली. एक फांदी सोडून सगळ्या झुडपाला आली. ती एक फांदी मी माझ्या हातांनी राखेनं घासून काढली होती. तुम्ही म्हणायचात की ही मुलगी आधी उत्तर लिहिते आणि मग गणित वाचते. आजही तसंच झालंय. उत्तर पहिल्या ओळीत लिहून बसले आहे, आता गणित मांडते.

फाल्गुन लागला आणि एका सकाळी शाळेत निघण्यापूर्वी मी परसात गेले, तर अंजनीच्या जुन्या, पानं झडलेल्या फांद्यांवर पेरापेराशी पुटकुळ्या दिसल्या. मोहरीएवढ्या, दाटीवाटीनं आलेल्या, हाताला खडबडीत लागणाऱ्या. माझ्या माहेरी आंब्याच्या कलमांवर असलं काही दिसलं की वडील आम्हा भावंडांना राख आणि तंबाखूचं पाणी देऊन पिटाळायचे. मग आम्ही नारळाचं सोडण घेऊन फांद्या घासत बसायचो. कलमवाल्याची मुलगी मी, डोकं चालायच्या आधी हात चालतो. वाटीभर राख आणली, तंबाखू भिजवली, आणि एक फांदी खालपासून वरपर्यंत लख्ख केली. दुसरीला हात घालणार तेवढ्यात शाळेची घंटा झाली, म्हणून वाटी परसाच्या गडग्यावर, दगडी कुंपणावर, ठेवून धावले. मग परीक्षा आल्या, घरी पाहुणे आले, आणि आठवडाभर परसाच्या त्या कोपऱ्यात जाणं झालं नाही. आठव्या दिवशी आमचे हे चूळ भरायला मागे गेले आणि तिथूनच ओरडले, "अगो, बाहेर ये! तुझ्या बाईंच्या खुंट्यानं काय केलंन बघ!" तेरा वर्षं ते त्या झुडपाला खुंटाच म्हणत आले आहेत.

फांद्या निळ्या झाल्या होत्या. आंब्याचा मोहर येतो तशी शेंड्याला फुलं नव्हती. ती जुन्या लाकडाला चिकटून आली होती. जिथं जिथं पुटकुळी होती तिथं तिथं निळा झुबका होता. मधली एक फांदी, मी स्वच्छ केलेली, तेवढी कोरडी ठणठणीत. हे हसत होते आणि मी न्हाणीच्या पायरीवर मटकन बसले. त्यांना वाटलं आनंदानं बसले. माझ्यासमोर ती एक फांदी नव्हती बाई, शाळेच्या गडग्याकडेची तुमची अकरा झाडं होती.

ती झाडं तुम्हीच लावलीत, तुम्हाला ती मी काय सांगणार? तरी मला ओळीनं सांगू द्या, म्हणजे कुठं काय झालं ते माझं मलाही कळेल. आपली मुलींची शाळा रत्नागिरीच्या बाहेर, कातळावर होती. जागा कुणी फुकट दिली म्हणून तिथं. खाली जांभा, वर ऊन, आणि विहीर अशी की माघ संपताना घागरीऐवजी तांब्याच सोडावा. मी व्हर्नाक्युलर फायनल होऊन सतराव्या वर्षी तुमच्या हाताखाली आले तेव्हा झाडं पाच वर्षांची होती आणि जेमतेम गुडघ्याएवढी. ती कशी लावली ते काकीनं सांगितलं. काकी म्हणजे शाळेत झाडलोट करणारी, पाणी भरणारी, वरच्या वाडीतली कुणब्याची विधवा. मुली तिला काकी म्हणायच्या, म्हणून आपणही म्हणायचो. तुम्ही आलात त्याच वर्षी गडी लावून पहारीनं जांभा फोडून अकरा खड्डे घेतलेत. त्यांतली माती काकीनं खालच्या पऱ्यावरून, ओढ्याकाठून, डोक्यावर पाटी घेऊन वाहून आणली. बी तुम्ही बांबूच्या नळकांड्यांत रुजवलंत, कारण अंजनीचं मूळ सुतासारखं सरळ खाली जातं आणि एकदा मोडलं की झाड मेलंच. नळकांडं तसंच खड्ड्यात उभं करायचं, बांबू कुजेल आणि मूळ आपली वाट शोधेल. दर वर्षी भाजावळीच्या वेळी काकीचा दीर कोयती घेऊन गडग्यापाशी यायचा, शेत भाजायला फांद्या मागायचा. काकी त्याला गडग्याबाहेरूनच परतवायची. "बाईंची झाडां हत ती. कोयती लावलीस तर हात ऱ्हायाचा न्हाय," असं म्हणायची.

मी तुम्हाला विचारलं होतं, लावायचं तर गुलाब लावावा, मोगरा लावावा, ही रानातली अंजनी कशाला? तुम्ही काळ्या काठाचं लुगडं खोचून गडग्यावर बसला होतात. म्हणालात, "ही देवाला वाहत नाहीत, वेणीत गुंफत नाहीत. कुणाच्या उपयोगाची नाहीत, म्हणून माझ्याजोगी आहेत." मग माझ्या तोंडाकडे बघून हसलात आणि खरं कारण सांगितलंत. सगळं रान करपतं तेव्हा ही फुलते, आणि पाणी मागत नाही.

त्याच वैशाखात तुमची पहिली बोलणी खाल्ली. कोपऱ्यातलं सर्वांत लहान झाड फार मलूल दिसत होतं. माझ्या वाट्याला आलेल्या पाण्यातले दोन तांबे मी त्याला रोज चोरून घालायची. आठ दिवसांत त्याची पानं पिवळी पडली. तुम्ही बोटानं माती उकरलीत, ओल बघितलीत आणि मला मुलींसमोर नाही, एकटीला बोलावलंत. "कुणी घातलं हे विचारत नाही. का घातलंस ते सांग." मी म्हटलं, दया आली. "दया नाही ती. तुला ते बघवत नव्हतं. तुझ्या डोळ्यांना बरं वाटावं म्हणून तू ओतलंस. झाडाला काय हवं होतं?" मी रडले. त्या दिवशी मला ते फार दुष्टपणाचं वाटलं होतं. झाड वाचलं, पण ते वाक्य मी कुठंतरी आत ठेवून दिलं, आणि ते आजवर माझ्याकडेच आहे.

पुढच्या वर्षी शाळेच्या शेरेबुकात तपासनिसांचा शेरा आला की शाळेला बाग नाही, पाण्याची सोय नाही. शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या लोकांना तेवढंच हवं होतं. त्यांचे अध्यक्ष वकीलसाहेब, छत्री टेकत आले आणि म्हणाले, शाळा खाली गावात न्यावी, मुलग्यांच्या शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत. ऐकायला वावगं काहीच नव्हतं. पण आपल्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक मुली वरच्या वाड्यांतल्या होत्या. गुरं सोडून यायच्या, दुपारी परत जाऊन गुरं वळवायच्या. गावात जायचं तर तासभर चाल, तीही बाजारातून. त्यांचे बाप त्यांना धाडणार नाहीत, हे तुम्हाला ठाऊक होतं आणि वकीलसाहेबांनाही ठाऊक होतं. ते म्हणाले, "बाई, जिथं गवत तगत नाही तिथं विद्या काय तगणार?" सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. "पाडव्यानंतरच्या पहिल्या रविवारी या," म्हणालात. "विहिरीतलं पाणी न घालता इथं बाग फुललेली दाखवते. नाही फुलली तर शाळा खाली न्या, मी एक अक्षर बोलणार नाही." वकीलसाहेब छत्री उचलत म्हणाले, "कबूल."

मला तेव्हा वाटलं, तुम्ही हे काय करून बसलात! शाळा, त्या मुली, तुमची नोकरी, सगळं एका झाडाच्या मर्जीवर. पण तुमचा हिशोब पक्का होता. झाडं सातव्या वर्षात होती, कमरेला लागत होती, लाकूड धरलं होतं. यंदा फुलणार, असं तुम्ही मला एकदाच सांगितलंत आणि पुन्हा विषय काढला नाहीत.

मग फाल्गुनात मुरुडहून तुमच्या भावाच्या आजारपणाची तार आली. तुम्ही बोटीनं हर्णैला आणि तिथून पुढं जायला निघालात. निघताना मला गडग्यापाशी नेलंत. "काही करायचं नाही," म्हणालात. "पाणी नाही, खत नाही, हात लावायचा नाही. काही न करणं हेच तुझं काम. जमेल?" मी म्हटलं, एवढं जमणार नाही होय? तुम्ही माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलंत, आणि गेलात. पाठोपाठ शिमगा आला. शाळेला सुट्टी, काकी पालखीसाठी वाडीत गेली, आणि कातळावर मी एकटी.

रोज सकाळी मी झाडं बघायला जायची. आंब्याच्या देशात वाढलेली मी. फूल यायचं म्हणजे शेंड्याला यायचं, एवढंच ठाऊक. सड्यावर, वरच्या कातळमाळावर, अंजनी फुललेली लहानपणी लांबून पाहिली होती, निळा पट्टा दिसायचा. जवळ जाऊन कोण बघतं? मी अकराही झाडांचे शेंडे रोज तपासत होते आणि तिथं काही नव्हतं. चौथ्या दिवशी खाली, जुन्या लाकडावर, त्या पुटकुळ्या दिसल्या. दुसऱ्या दिवशी वाढल्या. तिसऱ्या दिवशी अकराच्या अकरा झाडांवर. तुम्ही दहा दिवसांसाठी काय गेलात आणि माझ्या राखणीत तुमच्या झाडांना कीड लागली! पत्र टाकावं तर ते पोचेपर्यंत तुम्हीच परत याल. काकीला विचारायला वाडीत जावं, तर शिमग्याच्या दिवसांत एकटी मुलगी त्या वाटेनं जाणार कशी. आणि खरं सांगू? विचारायचं मनातही फारसं नव्हतं. मला वाटलं, तुम्ही याल तेव्हा झाडं स्वच्छ असतील, चैत्रात फुलतील, आणि मग मी एक दिवस सांगेन की बाई, मी वाचवली. तुम्ही म्हणाल, हात लावायचा नाही म्हटलं होतं ना, पण हसून म्हणाल. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, म्हणतात ना, तशी मी. दोन दिवस घासत होते. फांदी न् फांदी. हाताची सालं निघाली.

काकी तिथं असती तर तिनं माझा हात धरला असता. सड्यावरच जन्म गेलेली बाई ती. तिला अंजनीच्या कळ्या कळल्या नसत्या काय?

तुम्ही परत आलात. सामान ठेवायच्या आधी गडग्यापाशी गेलात. मी मागून. तुम्ही शेंडे बघितलेच नाहीत, वाकून खालचं जुनं लाकूड बघितलंत. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. म्हणालात, "यंदा उशीर दिसतो." दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलंत. तिसऱ्या दिवशी पुन्हा. पाडवा झाला. तुम्ही वर्गात फळ्याकडे तोंड करून उभ्या राहत होतात आणि खडू हातातच राहत होता. मुली माझ्याकडे बघायच्या. आमच्यातल्या कुणालाही शाळा, बाग, रविवार हे शब्द उच्चारायचं धाडस नव्हतं. काकी मात्र रोज येता-जाता झाडांशी बोलायची, "फुला गो आता, काय अंत बघतास?"

शनिवार. शाळा सुटली आहे, मुली गेल्या आहेत. तुम्ही चष्मा लावून तिसऱ्या झाडापाशी वाकला आहात. अंगठ्यानं फांदी चाचपता आहात. पेराच्या खाचेत काहीतरी करडं अडकलेलं आहे, ते नखानं काढून तळहातावर घेता, चुरता, वास घेता. मी ओट्यावर पाट्या रचते आहे. रचलेल्या पाट्या मोडून पुन्हा रचते आहे.

"हिला राख कुणी लावली?"

आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच भीती वाटली. चोराच्या मनात चांदणं, मला वाटलं माझ्या नखांत अजून राख आहे आणि ती तुम्हाला तिथून दिसते आहे. मला ठाऊक नाही, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी म्हटलं, "काकीनं लावली असेल. ती तिच्या वांग्यांना लावते."

तळहातावरची राख फुंकलीत, चष्मा काढलात आणि आत गेलात. मला त्या वेळी हायसं वाटलं. राखेनं का कुठं फुलं अडतात? झाडं लहान आहेत, यंदा फुलायची नव्हतीच, हेच मी खरं धरून चालले होते. माझ्या लेखी ती बारकीशी थाप होती, बोलणी चुकवण्यापुरती. फक्त काकीची आणि तुमची गाठ पडू नये एवढंच बघायचं होतं. संध्याकाळी ती घागर घेऊन येताना दिसली तशी मी वाटेतच गाठून तिला घरी धाडलं. उद्या साहेबलोक यायचेत, तू दमली असशील, म्हटलं. तिनं माझ्या गालावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली.

रविवारी वकीलसाहेब आले, बरोबर चौघेजण. गडग्याकडेला अकरा झाडं, हिरवीगार, आणि एक फूल नाही. त्यांनी छत्रीनं एक फांदी हलवली. "बाग कुठाय?" तुम्ही म्हणालात, "माझा अंदाज चुकला." बस. कुणी राख लावली म्हणाला नाहीत, मी गावाला गेले होते म्हणाला नाहीत. मी तुमच्या मागे उभी होते आणि मला तुमच्या मानेवरची शीर दिसत होती. वकीलसाहेब म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण ते हे." एवढ्यात काकी पुढं आली. "सायेब, झाडां जित्ती हत. कवा पानी मागितलं न्हाय त्यांनी. धा दिस थांबा, फुलतील. म्यां माती वाहिलेय." तुम्ही तिच्याकडे न बघता म्हणालात, "तू गप्प बस." सात वर्षांत तुम्ही तिला असं बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. ती पदर तोंडात धरून कोपऱ्यात गेली.

आता मला कळतं, तुम्ही त्या शनिवारी काय ओळखलंत ते. कळ्या आल्या होत्या आणि कुणीतरी त्या घासून टाकल्या, हे राख बघताच तुम्हाला समजलं. तरी तुम्ही त्या गरीब बाईला वकीलसाहेबांच्या तोंडी दिलं नाहीत, सगळं स्वतःवर घेतलंत. पण बाई, मलाही एक विचारायचंय, आणि रागानंच विचारते. तुम्ही तिला एकदा विचारलंत का नाही? माती तिनं वाहिली, कोयती तिनं परतवली, रानातली झाडं तिला आपल्या दोघींपेक्षा जास्त ठाऊक. ती अंजनीला राख लावेल? फायनल झालेल्या मुलीचा शब्द खरा आणि अंगठा उठवणाऱ्या बाईला विचारायचीसुद्धा गरज नाही, असं झालं ना? गुन्हा माझा. पण तुम्ही विचारलं असतंत तर त्याच दिवशी तो माझ्या पदरात पडला असता.

शाळा खाली गेली. वरच्या वाड्यांतल्या मुलींपैकी दोघी काही दिवस आल्या, मग त्याही थांबल्या. त्या जागेचं फाटक निघालं, राखायला कुणी उरलं नाही, आणि पुढच्याच वर्षी भाजावळीला अकराही झाडं छाटली गेली. अजून दर वर्षी छाटतात, म्हणून फुलत नाहीत, आणि म्हणून मला इतकी वर्षं काही कळलं नाही. परवा कचेरीत एका बाईला अंगठा उठवताना पाहिलं. आपल्याकडे दुसरीच्या पुस्तकात होती ती, आणि तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. तिनं मला ओळखलं, शाई लागलेला अंगठा पदराआड केला आणि हसली. मी घरी येऊन जेवले नाही.

वैशाखाअखेर, बोटी बंद व्हायच्या आधी, तुम्ही भावाकडे मुरुडला कायमच्या निघालात. आदल्या दिवशी मला हाक मारून बांबूचं एक नळकांडं हातात दिलंत. आत दोन पानांची अंजनी. "यंदा रुजवलेल्यांतलं शेवटचं उरलंय. तुझ्याकडे असू दे. तुला शिकायला उपयोगी पडेल," म्हणालात. बंदरावर काकी आली होती, पानात बांधलेली फणसाची साठं घेऊन. बोटीपर्यंत नेणारा पडाव लागला होता. तिनं दोन्ही हातांनी पुडी पुढं केली. तुम्ही तोंड फिरवलंत आणि पडावात चढलात. तिचे हात तसेच राहिले. शेवटी मीच ती पुडी घेऊन तुमच्या ट्रंकेपाशी ठेवली. बोट दिसेनाशी होईतो ती उभी होती. परत येताना मला म्हणाली, "माजा काय चुकला काय गो?" मी म्हटलं, काही नाही काकी, घाईत असतील.

पुढच्या दिवाळीला तुमचं कार्ड आलं. तीनच ओळी. रोप कसं आहे. घाई करू नको. काकीला सांग, माझ्या मनात काही राहिलेलं नाही. मी ते कार्ड चार वेळा वाचलं आणि निरोप दिला नाही. देणार कसा? तिनं विचारलं असतं, मनात काय होतं? मग पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. कार्डाला उत्तरही धाडलं नाही, कारण उत्तरात निरोप दिला की नाही ते लिहायला हवं. वर्षभरानं तुम्ही तापानं गेल्याचं कळलं आणि मी रडले, खूप रडले. पण रडता रडता आता कुणी विचारणार नाही, असंही एकदा मनात येऊन गेलं. तेही लिहिते.

रोपाचं सांगायचं तर पहिली चार वर्षं मी त्याला सुखानं उभं राहू दिलं नाही. पाणी घातलं, मासळीचं खत घातलं, उन्हाला झाप बांधला. मेलं नाही एवढंच. मग मुलं झाली, पुन्हा नोकरी लागली, आणि विसरले. विसरले म्हणून ते वाढलं.

काल मी काकीकडे गेले. वरच्या वाडीत सुनेपाशी असते. दोन्ही डोळे गेले आहेत. ओटीवर बसून चिंचा सोलत होती. आता सांगायचंच, असं ठरवून गेले होते. वाटेत वाक्यं जुळवली होती. अंजनीची फुललेली डहाळी पदराखाली होती.

"कोन गो?"

"मी काकी, शाळेतली धाकटी बाई."

डहाळी तिच्या हातात दिली. ती लाकडावरून अंगठा फिरवत राहिली, पेरापेराशी थांबत. "आंजनी ना ही? फुलली?"

"फुलली. बाईंच्याच रोपाची आहे."

"निळी?"

"निळी."

"सड्यावरची लय बगितली म्यां. आपली तेवडी न्हाय बगितली." ती बराच वेळ डहाळी गालाला लावून बसली. मी म्हटलं, काकी, मला काहीतरी सांगायचंय. तिला ते ऐकू आलं नाही, की तिला आधी स्वतःचंच सांगायचं होतं, कोण जाणे. म्हणाली, "बाई जाताना माज्याकडं बगितलनी न्हाय. लय दिस जीवाला लागला. मंग एकदा उमगला. बगितल्यानी असत्या तर रडल्या असत्या त्या. चार मान्सांत रडायची सवय न्हाय त्यांना. म्हनून तोंड फिरवलनी. व्हय ना गो?"

बाई, मी "होय" म्हटलं.

तिचा चेहरा इतका निवला की मी चहा घेऊन, चिंचेचा गोळा घेऊन उठले आणि घरी आले. वाटभर मनाशी म्हणत होते की म्हातारीचा एवढा एक आधार, तो कशाला काढून घ्यायचा, दया आली. घरी आल्यावर त्या कोरड्या फांदीपुढं उभी राहिले आणि तुमचं वाक्य आठवलं. मला तिचा चेहरा बदललेला बघवला नसता, म्हणून गप्प बसले. बाई, काल मी पुन्हा पाणी ओतून आले.